टेली मानस १४४१६ : एका अभ्यासिका चालकाचा अभिप्राय

कोल्हापुरातील राजारामपुरीत आम्ही स्पर्धा परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवतो. निकाल लागतात त्या दिवसांत इथल्या मुलामुलींवर येणारा ताण रोज डोळ्यांसमोर असतो. म्हणूनच आत्महत्या रोखण्यासाठी फोन, अॅप आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधाराने आज ज्या सोयी झाल्या आहेत, त्यांपैकी कोणती निर्धास्तपणे सुचवावी, हा प्रश्न आमच्यासाठी खरोखरीचा आहे. केंद्र सरकारच्या टेली मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेबद्दल माझे मत चांगले झाले आहे आणि त्याची कारणे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी २२,७४६ जण महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता.

ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिचे मध्यवर्ती केंद्र आहे. १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून दिवसरात्र चालू असतो. भाषा निवडली की फोन राज्याच्या कक्षातील प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो आणि गरज भासल्यास समुपदेशक तो मानसोपचार तज्ज्ञाकडे किंवा जिल्ह्यातील उपचार सेवेकडे सोपवतो. २०२४ मध्ये याच दिवशी तिचे अॅपही आले. स्वतःची काळजी कशी घ्यावी, ताणाची सुरुवातीची लक्षणे कशी ओळखावीत ही माहिती त्यात आहे आणि तिथूनच समुपदेशकाशी बोलताही येते. माहितीचा भाग बरा आहे, पण त्यासाठी कोणी मुद्दाम अॅप घेईल असे मला वाटत नाही. खरे मोल त्या पाच आकड्यांचे आहे, कारण साधा बटणांचा फोनही त्यासाठी पुरतो.

मी फोन केला तो आमच्याकडील एका विद्यार्थ्याच्या काळजीपोटी. तो जेवणाचा डबा न उघडताच परत नेऊ लागला होता, आणि वर्षभर जमवलेली पुस्तके त्याने शेजारच्या मुलाला देऊन टाकली होती. पलीकडच्या ताईंनी माझे नाव किंवा त्याचे नाव यासाठी अडून न बसता आधी विचारले, की तो या क्षणी कुठे आहे आणि त्याच्याबरोबर कोणी आहे का. मग त्यांनी मला स्पष्ट सांगितले, की त्याला आडवळणाने विचारू नका, ‘जीव नकोसा झालाय का, आत्महत्येचा विचार येतोय का’ असे सरळ आणि मायेने विचारा. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. संशोधनाने तिला आधार दिलेला नाही. उलट विचारणारा भेटला म्हणून माणूस मोकळा होतो, असेच अनेकदा आढळते. मी विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि नंतर बोलू लागला. त्याच संध्याकाळी अभ्यासिकेच्या आतल्या खोलीत बसून तो स्वतः १४४१६ वर बोलला आणि पुढे त्याच्या संमतीने पुन्हा विचारपूस करणारा फोनही आला.

याउलट अनुभव आम्हांला एका खासगी अॅपचा आला, ज्यात माणूस नसून चॅटबॉट उत्तरे देतो. दुसऱ्या एका मुलीने त्यात ‘घरच्यांना माझ्यामुळं लई त्रास झाला, आता बास’ असे लिहिले होते. आपण इतरांवर ओझे झालो आहोत ही भावना धोक्याच्या ठळक खुणांपैकी एक मानली जाते. तिथे कोणत्याही समजदार माणसाने हातातले काम बाजूला ठेवले असते. त्या यंत्राने दीर्घ श्वास घेण्याचा व्यायाम सुचवला आणि त्याखाली वर्षाच्या वर्गणीतील सवलत दाखवली. तिने हे मला पडद्यावर दाखवले तेव्हा मला अतिशय वाईट वाटले. झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, अशा तक्रारींसाठी असे साधन कोणी वापरले तर माझी हरकत नाही. परंतु जीव धोक्यात असताना जे साधन तत्काळ माणसाकडे सोपवत नाही, ते मी कुणालाही सुचवणार नाही.

याचा अर्थ यंत्राचा उपयोग नाही असा मुळीच नव्हे. फेसबुकने २०१७ पासून धोका सूचित करणारा मजकूर ओळखण्यासाठी संगणकीय पद्धत वापरायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२० मध्ये त्या कंपनीच्या आयर्लंडमधील कर्मचाऱ्यांनी एका खात्याबद्दल दिल्ली पोलिसांना कळवले, तेव्हा खात्याशी जोडलेल्या क्रमांकावरून खाते वापरणाऱ्याच्या दिल्लीतील पत्नीचा पत्ता लागला, तो स्वतः मुंबईत असल्याचे समजले आणि मुंबई पोलिसांनी त्याला शोधून वाचवले. सूचना पडद्यावरून आली खरी, पण त्यानंतरची प्रत्येक कडी कुणीतरी जागे राहून फोन उचलल्यामुळे जोडली गेली.

फोननंतर काय, या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चेन्नईसह पाच देशांतील रुग्णालयांमध्ये झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दाखल झालेल्या १,८६७ जणांपैकी एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर सुमारे तासभर समजावून सांगण्यात आले आणि पुढील १८ महिन्यांत ९ वेळा फोनने किंवा भेटून त्यांची विचारपूस झाली. त्या गटात आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण ०.२ टक्के राहिले, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ते २.२ टक्के होते. साधी चौकशी एवढे करू शकत असेल, तर टेली मानसचा सर्वाधिक खर्च आणि मनुष्यबळ पुन्हा केल्या जाणाऱ्या फोनवर पडावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपल्या जिल्ह्यापुरत्या काही अडचणी आहेत. गगनबावडा, चंदगड भागातील घाटातल्या वाड्यांवर रेंज मिळाली तरी टिकत नाही आणि अशा फोनमध्ये मधेच आवाज तुटणे फार जाचक ठरते. दोन खोल्यांच्या घरात मोठ्याने बोलण्याची सोय नसते, म्हणून आम्ही अभ्यासिकेतील आतली खोली कुणालाही, कारण न विचारता, मोकळी करून देतो. इतर अभ्यासिका आणि तालमींनीही असे करून पाहावे. शिवाय पोलिसांची भीती अजून आहे. वास्तविक मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ राहिलेले नाही. ही गोष्ट मी पालकांना दर बैठकीत सांगतो, कारण ‘केस होईल’ या धास्तीने अनेक घरे मदत मागायचीच टाळतात.

सेवा कुणी वापरावी, असे विचाराल तर त्रासात असलेल्याने तर वापरावीच, पण त्याच्या भावाने, मैत्रिणीने, खोलीतल्या जोडीदारानेही वापरावी. जीवाला तातडीचा धोका असेल तर मात्र १४४१६ वर न थांबता ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. समोरासमोर डॉक्टरांना भेटायचे असल्यास कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सोबत कोणी नसेल तर आमच्याकडे या, आम्ही बरोबर येतो.