तीनदा निसटलेला बेल्ट आणि भोसरीतले एक गॅरेज

माझ्या 11 वर्षे जुन्या डिझेल गाडीचा फॅन बेल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप फिरवणारा खाचांचा लांब पट्टा, पाच महिन्यांत तीन वेळा निसटला. पहिल्या दोन्ही वेळी घराजवळच्या गॅरेजने नवा बेल्ट चढवून पैसे घेतले आणि दुसऱ्यांदा तर ‘हल्ली बेल्टच हलके येतात’ असे सांगून माझी बोळवण केली. तिसऱ्या वेळी नाशिक रस्त्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला. पाण्याचा पंप बंद पडला असताना गाडी आणखी रेटली असती तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पट्टीचा, खर्च अंगावर आला असता, म्हणून इंजिन तिथेच बंद केले आणि टोचन लावून गाडी भोसरी एमआयडीसीतल्या एका दोन शटरच्या गॅरेजात आणली.

तिथल्या मिस्त्रींनी आधी जुना बेल्ट मागून घेतला. त्याची एकच कड घासून धागे सुटलेले होते. बेल्ट सैल असता तर तो खाचांवर चकाकला असता, असे त्यांचे म्हणणे. टेन्शनर (बेल्टला ताण देणारे चाक) आणि आयडलर (बेल्टला वळवणारे मोकळे चाक) हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकला, कुठे तेल गळते का तेही पाहिले. मग नवा बेल्ट चढवून इंजिन चालू केले व खाचांवर पाण्याचा फवारा मारला, तेव्हा चिरचिर क्षणभर थांबली. पाण्याने आवाज थांबला तर पुल्या, म्हणजे बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाके, एका रेषेत नाहीत आणि वाढला तर ताण कमी आहे, हा साधा ठोकताळा मला या वयात पहिल्यांदाच कळला.

खरा उलगडा खडूने झाला. मिस्त्रींनी क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर बसणाऱ्या आणि बेल्ट ओढणाऱ्या पुलीच्या, मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली, एसी लावून इंजिन पाच मिनिटे चालवले आणि बंद करून मला वाकून पाहायला सांगितले. रेघ मधोमध तुटली होती आणि तिचा बाहेरचा तुकडा चांगला दोन बोटे पुढे सरकला होता. ही पुली अखंड नसते. इंजिनाचे हिसके शोषून घेण्यासाठी दोन भागांमध्ये रबर असते. ते सुटल्यामुळे कडे जागचे हलत होते आणि प्रत्येक नवा बेल्ट तिरका चालून शेवटी खाली पडत होता.

पुली 3,400, बेल्ट 850 आणि मजुरी 1,200 असा खर्च झाला; जुनी पुली न मागता परत मिळाली. तक्रार एकच, पण ती किरकोळ नाही. नाना पेठेतून आणलेली पहिली पुली डुगडुगते म्हणून त्यांनी परत पाठवली, हे योग्यच झाले. मात्र ते कळवण्यासाठी साधा फोनही केला नाही आणि मी रजा टाकून दुपारभर टायरच्या ढिगावर बसून राहिलो. बिलही मागितल्यावरच मिळते.

नव्या पुलीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने तशीच रेघ मारून दिली आहे. 6,000 किलोमीटरनंतर परवा टॉर्चच्या उजेडात ती रेघ पाहिली; ती सरळ आहे.