सोळा जीबी विरह

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहराजवळ सुकोहार्जोत मी सूतगिरणीत स्पिनिंग मास्तर आहे, मूळचा इचलकरंजीचा. रात्रपाळी सुटली की कंपनीची गाडी येते. ड्रायव्हर मास (इकडे मास म्हणजे दादा) चावी फिरवतो आणि इंजिनाआधी पेनड्राइव्ह बोलायला लागतो. दोन वर्षं त्याचा फुकट ऐकला, शेवटी गेल्या महिन्यात बाजारातून स्वतःचा घेतला. ७५ हजार रुपिया, म्हणजे आपले चारशेच्या आसपास. १६ जीबी, भरून मिळतो. जावाची विरहगीतं, डीजे, फुल बास.

आधी तक्रार. स्टिकरवर ‘हजार गाणी’ छापलंय, पण एकच गाणं नाव बदलून पाच-सहा ठिकाणी सापडतं. दोन फोल्डर उघडतच नाहीत. आवाजाला काही धरबंध नाही: एका गाण्याला कान लावावा लागतो, पुढच्याला दाराचं प्लास्टिक थरथरतं. आणि ऐन रडण्याच्या जागी रिमिक्सवाला स्वतःचं नाव बाईच्या आवाजात ओरडवून घेतो. मयताला येऊन व्हिजिटिंग कार्ड वाटावं तसं.

यातलं बरंचसं दुःख गायक दिदी केम्पोटचं. माणूस सोलोचाच, १९६६ चा जन्म. फुटपाथवर गाणाऱ्यांच्या टोळीत होता, त्या टोळीच्या नावातली अक्षरं जोडूनच त्याचं ‘केम्पोट’ झालं. मे २०२० मध्ये गेला. त्याच्या जुन्या गाण्यांवर विशीतली पोरं हात वर करून नाचायची आणि स्वतःला ‘सोबात अम्ब्यार’ म्हणवून घ्यायची. सोबात म्हणजे दोस्त, अम्ब्यार म्हणजे चक्काचूर. त्याच्या ‘चिद्रो’चे माझ्याकडे चार रिमिक्स आहेत. जावानीजमध्ये चिद्रो म्हणजे दगा, दिलेला शब्द मोडणं. आपलं छिद्रच ते. प्रेमाला म्हणतात त्रेस्नो, ती आपली तृष्णा. तहान लागली, मग भोक पडलं. सगळ्या पेनड्राइव्हची गोष्ट एवढीच.

मूळ चाल चांपुरसारीची, गामेलान (जावाचा पारंपरिक घंटा-झांजांचा ताफा) आणि कीबोर्ड एकत्र. रिमिक्सवाला केंदांग, म्हणजे त्यांचा ढोल, काढून टाकतो आणि खाली चार ठोक्यांचा बास घालतो. पण खरी पारख गळ्याशी. वाईट रिमिक्समध्ये वेग वाढवण्याच्या नादात बाप्याचा आवाज शेपटीवर पाय पडलेल्या खारीसारखा होतो. चांगल्यात तो हात न लावता ठेवलेला असतो. ‘स्तासिउन बालापान’चा एक रिमिक्स मी मुद्दाम वेगळा काढून ठेवलाय. गाणं सोलोच्याच स्टेशनावरचं: तिला गाडीत बसवून दिली, लवकर येते म्हणाली, विसरली. पहिला मिनिटभर ठोकाच नाही, नुसता गळा. मग टाळ्या दाट होत जातात, श्वासभर सगळं थांबतं, आणि धडाम. त्या श्वासाला ड्रायव्हर मासचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटतो. एकदा नेमका तेव्हाच गतिरोधक आला आणि माझा डबा मांडीवर सांडला.

त्याला विचारलं, संसार चांगला चाललाय, दोन पोरं आहेत, मग हे रोज कशाला? म्हणाला, ‘पाक, दिजोगेती वाए.’ साहेब, नाचून टाकायचं.

डेनी चाक्नान या गायकाची नवी गाणीही आहेत. ङावी शहराच्या कार्तोन्योनो चौकातल्या मोडलेल्या वचनाचं २०१९ चं गाणं घरी लावायला बरं, गाडीत नको. बास फार. पूर्व जावात ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचून असलंच वाजवतात, त्याला साउंड होरेग म्हणतात. होरेग म्हणजे हादरणं. त्यावर २०२५ मध्ये तिथल्या उलेमांनी फतवाही काढला.

परवा व्हिडिओ कॉलवर हिला मागचं गाणं ऐकू गेलं. ‘अहो, वरात आहे का कुणाची?’

‘नाही गं, एकाची बायको सोडून गेलीय.’

‘मग एवढं काय वाजवताय?’

तीन तारे. विकणारा लॅपटॉपवर लावून दाखवतो, तेव्हा नुसतं पहिलं गाणं ऐकू नका, मधला एखादा फोल्डर उघडायला लावा.