हेनेसी-हिक्स प्रश्नावली: कामाची, पण जशीच्या तशी नको
जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मोफत मिळणाऱ्या या प्रश्नावलीतून आरोग्य कर्मचाऱ्यांना कोणते प्रशिक्षण हवे ते कळते; तिच्यात 30 कामे आहेत. प्रत्येकाला 1 ते 7 गुण, तेही दोनदा: काम किती महत्त्वाचे आणि ते किती चांगले जमते. पहिल्यातून दुसरा वजा केला की तूट कळते. खरी खुबी पुढच्या रकान्यांत: ही तूट प्रशिक्षणाने भरेल की कामाची व्यवस्था बदलून? व्हॅक्सिन कॅरियरच (लस थंड ठेवून नेण्याची पेटी) धड नसेल तर एएनएमचे (साहाय्यक परिचारिका-प्रसविका) वर्ग घेऊन काय साधणार! मूळ रोख दवाखान्यातल्या कामावर आहे, म्हणून साथ सर्वेक्षणाची कलमे स्वतः घाला. मूळ 30 पैकी 8 बदलता, वर 10 वाढवता येतात. फॉर्मवर नाव नको, फक्त पद. नाव मागितले की जो तो स्वतःला 6-7 देतो आणि तूट गायब.