तिसऱ्या घंटेच्या आधी: अकाई एमपीसी २०००एक्सएलला जोडलेलं ब्लूस्कझी

आमच्या सध्याच्या नाटकात दुसऱ्या अंकात दारावर सहा थापा पडतात. पहिल्या दोन संकोचाच्या, मधल्या दोन घाईच्या, शेवटच्या दोन रागाच्या. त्या मी विंगेत बसून बोटाने वाजवते. बाई खुर्चीतून उठायला किती वेळ घेते ते बघायचं, आणि मग पॅडवर बोट. एखाद्या प्रयोगाला सहावी थाप द्यावीच लागत नाही, कारण ती आधीच दाराकडे वळलेली असते. तिन्ही तऱ्हेच्या थापा एकाच पॅडवर आहेत. हलकं मारलं की संकोच वाजतो, जोरात मारलं की राग. हे काम अकाई कंपनीचं एमपीसी २०००एक्सएल करतं. तो एक सॅम्पलर आहे, म्हणजे आवाज साठवून पॅडवर बोटाने वाजवायचं यंत्र, आणि गेल्या वर्षी त्याला मेमरी कार्ड जोडल्यापासून मी ज्याला-त्याला त्याबद्दल सांगत सुटले आहे. एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हणून हा मजकूर.

हे यंत्र खरं अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांचं. ड्रम मशीन घडवणाऱ्या रॉजर लिनने अकाईसाठी १९८८ मध्ये एमपीसी ६० आणि १९९४ मध्ये एमपीसी ३००० घडवलं. त्यातलं हिप-हॉप संगीतकार जे. डिलाचं ३००० आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. माझं २०००एक्सएल त्या घराण्यातलं धाकटं. माझ्या मामाने २००१ साली न्यू जर्सीहून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून ते विकत घेतलं. मामा तेव्हा नाटकांचं पार्श्वसंगीत वाजवायचा. आधी स्पूल, मग कॅसेट, मग मिनीडिस्क असा त्याचा प्रवास. सोळा पॅडवर सोळा आवाज आणि तेही हाताच्या जोराप्रमाणे, हे त्याला इतकं आवडलं की त्याने वर्षभरात दाराच्या कड्या, एसटीचे ब्रेक, संबळ, हलगी, पितळी तांब्या, पावसाळी पत्रा असं सगळं त्यात भरलं. २००४ पासून ते माझ्याकडे आहे.

अडचण एकच होती, फ्लॉपी.

ज्यांनी सॅम्पलर वापरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आवाज यंत्राच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, राहतो, आणि वीज बंद झाली की रॅम कोरी होते. प्रत्येक प्रयोगाला सगळं नव्याने भरावं लागतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला, एका चॅनेलला, सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात. म्हणजे १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत साधारण सोळा सेकंद मावतात, स्टिरिओ असेल तर आठ. यंत्राची रॅम वाढवून ३२ एमबी करता येते. मामाने तेव्हाच केली होती. ती पूर्ण भरायची तर तेवीस फ्लॉप्या हव्यात. आमच्या नाटकाचा संच ११ एमबीचा आहे, आठ फ्लॉप्यांचा. एक घाला, खरखर ऐका, काढा, दुसरी घाला. माझ्या घड्याळात नऊ मिनिटं, तीही एकही फ्लॉपी अडली नाही तर. आणि मुंबईच्या हवेत फ्लॉप्यांना बुरशी धरतेच. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं, त्यानंतर नव्या मिळणंही हळूहळू संपलं.

दोन वर्षांपूर्वी एका दौऱ्यात दुसरी घंटा झाल्यावर वीज गेली. जनरेटर अर्ध्या मिनिटात सुरू झाला, दिवे आले, नट जागेवर होते, पण माझं यंत्र कोरं. तिसरी घंटा अकरा मिनिटं थांबली. सातवी फ्लॉपी दोनदा वाचावी लागली. प्रेक्षागृहात टाळ्या सुरू झाल्या, त्या कौतुकाच्या नव्हत्या. मॅनेजर काही बोलले नाहीत, नुसते विंगेत येऊन उभे राहिले. त्या रात्री बसमध्ये मी ठरवलं की एक तर हे यंत्र घरी ठेवायचं, नाही तर याचा कायमचा बंदोबस्त करायचा.

एमपीसीच्या पाठीमागे पंचवीस पिनांचं एक सॉकेट आहे, स्कझीचं. स्कझी म्हणजे १९८६ साली प्रमाण ठरलेली, डिस्क जोडायची जुनी पद्धत. पूर्वी लोक तिथे झिप ड्राइव्ह लावायचे, म्हणजे जाड फ्लॉपीसारख्या, पण जास्त मावणाऱ्या डिस्कचं यंत्र. ब्लूस्कझी हा त्या सॉकेटमध्ये बसणारा हातभर सोडाच, तळहाताएवढाही नसलेला बोर्ड. त्याच्या पोटात रास्पबेरी पाय पिको हा चिमुकला संगणक आहे आणि एक मेमरी कार्ड बसतं. यंत्राला वाटतं की आपल्याला हार्ड डिस्क जोडलेली आहे. प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे कार्डावरची एक मोठी फाइल असते. आराखडा खुला आहे, त्यामुळे कुणीही तो बनवू शकतं आणि जगात बऱ्याच ठिकाणी बनवून विकतात. मी दुसऱ्या आवृत्तीचा, पंचवीस पिनांचा, जोडून तयार असलेला घेतला. टपाल आणि कस्टम धरून सात हजारांच्या आसपास पडला.

पहिले दोन दिवस वाया गेले, आणि तो दोष बोर्डाचा नव्हता. बोर्ड थेट सॉकेटमध्ये खोचला तर यंत्राच्या मागे चार बोटं बाहेर येतो आणि विंगेतल्या पडद्याला अडकतो. म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून पंचवीस पिनांची एक केबल आणली. दुकानदार म्हणाला, 'सगळ्या सारख्याच असतात ताई.' तशा त्या नसतात. जुन्या प्रिंटरच्या आणि सिरियलच्या केबलींची टोकं अगदी अशीच दिसतात, पण आत सगळ्या तारा असतीलच असं नाही. मी मल्टीमीटर लावून पाहिलं, तेव्हा माझ्या केबलीत पंचवीसपैकी नऊच तारा निघाल्या. यंत्र डिस्क शोधत बसायचं आणि गप्प व्हायचं. शेवटी स्कझीचीच म्हणून विकली जाणारी वीतभर लांबीची केबल आणली आणि पहिल्या फटक्यात काम झालं. तुम्ही घेणार असाल तर केबल आधी तपासा. बोर्डावर शंका घ्यायची वेळ नंतर.

दुसरी गोष्ट विजेची. बोर्ड चालायला स्कझीच्या तारेतून वीज यायला हवी (तिला टर्मिनेशनची वीज म्हणतात), पण सगळे जुने सॅम्पलर ती देतातच असं नाही. मी त्या फंदात पडतच नाही. बोर्डाच्या यूएसबीला मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर लावते. आधी बोर्ड चालू, मग एमपीसी. यंत्र चालू असताना केबल काढायची किंवा लावायची नाही, हे मी चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या पाठीला लावलं आहे, कारण दौऱ्यावर सामान बांधणारी मुलं बदलत असतात.

पुढचं काम सोपं निघालं. कार्ड संगणकात घालून नेहमीसारखं फॉरमॅट करायचं, त्यावर एक रिकामी फाइल ठेवायची. फाइलच्या नावात एचडी या अक्षरांनंतरचा आकडा तोच त्या डिस्कचा स्कझी क्रमांक. तो एमपीसीच्या स्वतःच्या क्रमांकाशी जुळू द्यायचा नाही, बस. फाइल किती मोठी करायची? मी ५०० एमबीवर थांबले. कार्ड ३२ जीबीचं आहे म्हणून एवढी डिस्क करायचा मोह होतो, पण हे यंत्र त्या काळचं आहे, त्याला त्याच्या मापाचं द्यावं. ५०० एमबीत आमच्यासारखी चाळीसेक नाटकं बसतात. मग एमपीसीवर लोडच्या पानावर जायचं, फ्लॉपीऐवजी स्कझी निवडायचं आणि तिथूनच फॉरमॅट करायचं. काही बिनसलंच तर बोर्ड कार्डावर एक नोंदवही लिहून ठेवतो, कोणती फाइल सापडली, कोणता क्रमांक दिला ते सगळं. केबलीच्या गोंधळात याच नोंदीने मला सांगितलं की कार्ड ठीक आहे, अडचण पुढे कुठेतरी आहे.

आता आकडा. तोच ११ एमबीचा संच कार्डावरून पंचवीस सेकंदांत भरतो. मी तीनदा मोजलं. नऊ मिनिटं कुठे आणि पंचवीस सेकंद कुठे. वीज गेली तर आता मला प्रेक्षकांची माफी मागावी लागणार नाही, नटाच्या पाण्याच्या घोटाएवढा वेळ पुरेल.

लोक मला सगळ्यात जास्त विचारतात ते आवाजाबद्दल. कार्ड लावल्यावर आवाज बदलतो का, 'डिजिटल' वाटतो का? नाही. कार्डावरून तेच सोळा बिटांचे आकडे त्याच रॅममध्ये जातात आणि त्याच सर्किटातून बाहेर पडतात. मामाच्या हलगीची फ्लॉपीवरची आणि कार्डावरची प्रत मी हेडफोन लावून पाठोपाठ ऐकली. बारीक काडीचा कडकडाट दोन्हीत तोच आहे.

उणिवा आहेत. बोर्ड उघडा येतो, त्याला पेटी नाही. मी तो पारदर्शक सुपारीच्या डब्यात बसवून केबलींसाठी दोन भोकं पाडली. नाटकाच्या सामानात उघडं सर्किट ठेवणं म्हणजे महिन्याभरात त्यावर कुणीतरी चहा सांडणार. दुसरं, यंत्रात दिलेली लांब नावं संगणकावर आठ अक्षरांत तुटून दिसतात. 'दार थाप राग' आणि 'दार थाप घाई' यांच्या फायली संगणकावर ओळखूच येईनात. म्हणून मी आतल्या एकेका फाइलला हात लावत नाही, डिस्कची अख्खी फाइलच उचलून लॅपटॉपवर ठेवते. एक घरी, एक मामाकडे, एक दुसऱ्या कार्डावर यंत्राच्या पिशवीत. माझ्या लेखी या बोर्डाचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. आठ फ्लॉप्यांची प्रत काढायला एक संध्याकाळ जायची, म्हणून कधी काढलीच जायची नाही. आता रंगीत तालमीनंतर चहा येईपर्यंत प्रत तयार असते.

ज्यांच्या सॅम्पलरला स्कझी नाही त्यांनी गोटेकसारखं फ्लॉपीच्या जागी बसणारं यंत्र घ्यावं. त्यात पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यावर शेकडो फ्लॉप्या मावतात. मीही आधी त्याचाच विचार केला होता. पण प्रत्येक फ्लॉपी १.४४ एमबीचीच राहते, वेगही फ्लॉपीचाच. बुरशीतून सुटका होते, घड्याळातून होत नाही. पाठीमागे स्कझी असेल तर दुसरा विचार करू नका.

जुन्या फ्लॉप्या मात्र उतरवून घ्यायला वेळ काढा. मामाच्या एकशे बारा होत्या. रोज रात्री पाच-सहा लोड करून कार्डावर सेव्ह करत गेले. चौदा वाचल्याच नाहीत. त्यातल्या दोनवर संबळाचे सगळे बोल होते. मामाने ते एका गोंधळ्याला घरी बोलावून, गाद्या भिंतीला उभ्या करून रेकॉर्ड केले होते. ते गेले. बोर्ड तीन वर्षं आधी घेतला असता तर कदाचित राहिले असते, आणि ही खंत माझ्या मनातून जात नाही. पत्र्यावरचा पाऊस तेवढा वाचला, शंभराव्या की एकशे एकाव्या फ्लॉपीवर होता.

गेल्या महिन्यात गडकरी रंगायतनला दुपारचा प्रयोग होता. मामा डोंबिवलीहून आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, तरी सामान लागताना विंगेत स्टूल घेऊन बसला. मी यंत्र चालू केलं, लोड केलं आणि वायरी बांधायला लागले. तो वाट बघत होता.

"अगं, फ्लॉप्या कुठे तुझ्या? लोड कधी करणार?"

"झालं, मामा."

त्याने यंत्राच्या पडद्यावर वाकून नावं वाचली, मग पावसाच्या पॅडवर बोट ठेवलं. मी त्याला म्हटलं, तू वाजव, मी मागून ऐकून येते. इतक्या वर्षांत प्रयोगाआधी सभागृहात मागे जाऊन ऐकायला मला वेळच मिळालेला नव्हता, कारण त्या वेळी मी फ्लॉप्या बदलत असायचे. शेवटच्या रांगेत, बाल्कनीच्या खाली उभी राहिले. तिथे पाऊस फार दाट येत होता, बाईचं हळू बोलणं त्यात बुडालं असतं. परत येऊन मी पावसाची पातळी थोडी उतरवली आणि मामाला म्हटलं, पुन्हा वाजव.