"काकू, आता हा कधीच उडणार नाही"

गॅलरीतल्या बोर्डाखाली भिंतीवर अजून काळा ओघळ आहे. मुद्दाम पुसलेला नाही. पाहिला की संताप होतो, पण लिहिते, कारण वीज कंपनीचा म्हणून येऊन आम्हाला फसवणारा माणूस आमच्याच गल्लीत आणखी तीन घरी जाऊन आलाय.

गळ्यात ओळखपत्र, हातात टेस्टर, तोंडी "वीज कंपनीकडून तपासणी". आमची इमारत जुनी, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज, म्हणजे लोड वाढला की आतली बारीक तार वितळून वीज तोडणारे. गिझर आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की फ्यूज जायचा, आणि नेमकं तेच मी त्याला सांगितलं. "जुने फ्यूज आता चालत नाहीत, दंड होईल, एमसीबी बसवा." एमसीबी म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की आपोआप उडून वीज तोडणारा स्विच. सहा एमसीबी प्रत्येकी 650 म्हणजे 3,900, पेटी 1,400, मजुरी 1,200 आणि बिल कमी करणारं म्हणून एक प्लगमधलं यंत्र 1,850. एकूण 8,350 रुपये. पावती "उद्या व्हॉट्सॲपवर".

मी अडाणी नाही. बँकेत 22 वर्षं काढली. पण त्या दिवशी घरात सासूबाई तापाने फणफणलेल्या, वीज बंद, आणि तो घाई करत होता.

जिथे मी थांबायला हवं होतं तो क्षण मला रोज आठवतो. गिझरच्या लाईनला त्याने 32 अँपिअरचा एमसीबी बसवला आणि म्हणाला, "काकू, आता हा कधीच उडणार नाही." मला बरं वाटलं! अहो, उडणं हेच त्याचं काम. आमची तार दीड एमएमची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची). गिझर 2,000 वॉट, मशीन गरम पाण्यावर जवळपास तेवढंच. मिळून सतरा अँपिअरच्या वर, म्हणजे तारेला जड, पण 32 च्या एमसीबीला कमीच. जुना फ्यूज वितळून तार वाचवत होता, आणि मी त्यालाच खराब म्हणत होते.

अकरा दिवसांनी जळका वास आला. आतल्या आत तारेचं प्लास्टिक वितळून शॉर्ट झालं, तरी एमसीबी जागचा हलला नाही. मीटरजवळचा फ्यूज गेला म्हणून वाचलो. तार बदलायला 11,600, मशीनच्या पीसीबीला (आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला) 4,700.

नव्या वायरमनने तो एमसीबी वर्तमानपत्रावर फोडून दाखवला. खऱ्यात जास्त लोडला वाकणारी दुहेरी धातूची पट्टी असते, शॉर्टला खटका ओढणारी कॉइल असते, ठिणगी विझवायला पत्र्याच्या चकत्यांचा गठ्ठा असतो. यात एक पट्टी आणि स्प्रिंग. हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीसारखा हलका. आयएसआयचा शिक्का होता, पण त्याखाली सीएम/एल नंबर, म्हणजे बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक, नव्हताच. तो नंबर आयएसआय शिक्का देणाऱ्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो, दोन मिनिटं लागतात. आणि ते प्लगचं यंत्र? घरचं बिल युनिटवर येतं, ते त्याने काय कमी होणार!

वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. "मीटरच्या पुढे आमची जबाबदारी नाही." अहो, तुमच्या नावाचं ओळखपत्र घालून माणूस फिरतोय! "मग पोलिसांत जा." पोलीस म्हणाले, वायरिंगचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक हेल्पलाईनवर बिल मागितलं. बिल असतं तर एवढी वणवण केली असती का? एका बाईंनी तर विचारलं, "तुम्ही घरात घेतलंतच कशाला?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कोणी दारात आला तर 1912 या विजेच्या हेल्पलाईनवर फोन करून विचारा, त्याच्यासमोरच. वायरमनचा परवाना बघा, फोटो काढा. तारेपेक्षा मोठा एमसीबी कोणी बसवत असेल तर हात धरा. दीड एमएमला 32 कधीच नाही. किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार घालणाऱ्यालाही तेच सांगा.

जुने सहा किटकॅट "भंगार आहे, घेऊन जातो" म्हणत तो पिशवीत घालून गेला. फोडलेला एमसीबी मी पुरावा म्हणून डब्यात ठेवलाय. तिसऱ्यांदा पोलिसांकडे अर्ज देऊन आले. पोच अजून मिळालेली नाही.