वीकेंड कुठे घालवायचा: दोनापावलाचा फेस्टिवल की गावातलं मराठी संमेलन?

फोंड्याच्या एका मैत्रिणीला कळेना कुठे जायचं, म्हणून लिहितेय. दोनापावलाचा म्हणजे गोवा आर्ट्स अँड लिटरेचर फेस्टिवल, २०१० पासून आहे, कोकणी लेखक दामोदर मावजो त्याच्या संस्थापकांपैकी एक. दोन्हीकडे तिकीट नाही, त्यामुळे खरा खर्च येण्याजाण्याचा.

दोनापावल पणजीपासून सातेक किलोमीटर, दिवसा बस मिळते पण रात्रीचं सेशन संपल्यावर फोंड्याला परतायचं म्हणजे स्वतःची गाडी हवी नायतर पणजीत कोणाकडे तरी मुक्काम, आणि लॉजवर राहिलात तर सगळं फुकट असून खिसा रिकामा. गावातल्या संमेलनात जेवण बहुतेकदा आयोजकच घालतात, बसायला मात्र प्लास्टिकची खुर्ची, आणि उद्घाटनाची भाषणं संपता संपत नाहीत (दीपप्रज्वलनाला नेहमी एक पाहुणा उशिरा!).

ऐकायला? फेस्टिवलात बाहेरचे लेखक, भाषा बरीचशी इंग्रजी, चर्चा आटोपशीर. पण लेखकाला गाठून दोन शब्द बोलायचे तर गावातच सोपं, चहाच्या रांगेत तो आपल्याच मागे असतो, आणि कविसंमेलनात नाव दिलं तर स्वतःची कविताही वाचता येते.

इंग्रजी वाचत असशील, नवे लेखक शोधायचे असतील तर दोनापावल. स्वतः लिहितेस, आईलाही न्यायचंय तर गावातलं बरं.