कुकी प्रेस घ्यावा की चकलीचा सोऱ्याच पुरे?

माझ्याकडे दोन्ही आहेत. खटका दाबायचा कुकी प्रेस (नळीत पीठ भरून चकतीतून कुकी पाडायचं यंत्र) मी तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतला. पितळी सोऱ्या आईचा, वर दांडी फिरवायचा, पाट्यावरवंट्याइतकाच जड. बटर कुकीज मी दोन्हींनी पाडल्या आहेत, म्हणून चार शब्द.

आधी प्रेसचं कौतुक, कारण ते खरं आहे. फूल, ख्रिसमसचं झाड, पान असे आकार सोऱ्यातून जन्मात निघणार नाहीत. एक खटका, एक कुकी. हात बसला की पाच मिनिटांत ट्रे भरतो आणि घरातली पोरं 'आता मी, आता मी' करत रांगेत उभी राहतात. सोऱ्याची दांडी तुपकट हाताने फिरवताना मनगट बोलायला लागतं, आणि हाती येते ती चांदणीच्या चकतीची नळी, नाहीतर दातेरी पट्टी. दिखाव्यात प्रेस पुढे, यात वाद नाही.

माझं घोडं अडलं ते ट्रेपाशी.

प्रेस कुकी कापत नाही. पीठ ट्रेला चिकटतं, आपण प्रेस वर उचलतो आणि ते चकतीपासून सुटतं. सगळा कारभार त्या चिकटण्यावर. म्हणून ट्रेला तूप लावायचं नाही, बटर पेपर घालायचा नाही (कागदच प्रेसबरोबर वर येतो), आणि मुख्य म्हणजे ट्रे गार हवा. आमच्या ओटीजीबरोबर (छोट्या विजेच्या ओव्हनबरोबर) ट्रे आला एकच. पहिल्या कुकीज १८० अंशांवर दहा-बारा मिनिटांत झकास होतात. त्या उतरवल्या की ट्रे तापलेला. त्यावर प्रेस टेकवला की बटर विरघळतं, पीठ खाली धरत नाही आणि फुलाच्या जागी नुसता थापा पडतो. मग ट्रे नळाखाली धरा, पुसा, थांबा. तोवर ठाण्याच्या उकाड्यात नळीतलं पीठ सैल पडतं. ते फ्रीजमध्ये ठेवावं तर इतकं घट्ट होतं की खटकाच दाबला जात नाही. एका रविवारी तीन ट्रे कुकीजसाठी माझी अख्खी दुपार गेली.

दोष यंत्राचा नसावा. ज्या स्प्रिट्झ कुकीजसाठी ते वापरतात, त्या जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातल्या नाताळच्या. तिकडे डिसेंबरात बटर आपसूक बेतात राहत असणार. आपल्याकडे मे महिन्यात ते वाटीतच विरघळतं.

सोऱ्याचं गणित वेगळं. लांब पट्टी पाडायची, सुरीने बोटाएवढे तुकडे करायचे, किंवा नळीची दोन टोकं जुळवून कडं करायचं. निळ्या गोल डब्यातल्या डॅनिश कुकीजमधली कडी आठवा. (डबा आठवेलच, घरोघरी त्यात सुई-दोरा असतो.) उचलून ठेवणारा आपला हात, त्यामुळे चिकटण्याची गरजच नाही. बटर पेपर बिनधास्त वापरा. पहिला ट्रे आत असताना पुढचे दोन कागद भरून ठेवतो. ट्रे बाहेर आला की कागद सरकवायचा आणि लगेच आत. गरम ट्रेवर कागद ठेवला तरी नक्षी मला कधी बिघडलेली दिसली नाही.

पीठ दोन्हींना एकच चालतं. मी २०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर, २७५ ग्रॅम मैदा आणि दोन-तीन चमचे दूध घेतो. अंडं नाही. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. बेकिंग पावडर घालू नका, कुकी फुगते आणि नक्षी पुसते. वेलचीपूड चालेल, काजूचे तुकडे मात्र दोन्ही चकत्यांत अडकतात.

तुमच्याकडे दोन-तीन ट्रे असतील, स्वयंपाकघर गार असेल किंवा नाताळला झाडाचा आकार हवाच असेल, तर प्रेस जरूर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. नसेल तर आधी एकदा सोऱ्या खाली काढून बघा, असं मी म्हणेन. फक्त धुऊन घ्या, माझ्या पहिल्या कुकीजना ओव्याचा वास आला होता.

माझा प्रेस गेल्या डिसेंबरात शेजारच्या वहिनी घेऊन गेल्या. त्यांच्याकडे ट्रे चार आहेत. मी अजून परत मागितलेला नाही.